नंबर बदलू नका

शिन हा-ग्युन या कोरियन नटाच्या हसण्यापासून सुरुवात करते, कारण माझ्या बाबतीत सगळं तिथूनच सुरू झालं. 'बियॉन्ड ईव्हल' या कोरियन मालिकेच्या पहिल्या काही भागांत तो इतका हसतो, की आधी त्याच्याबरोबर आपल्यालाही हसू येतं, मग अवघडल्यासारखं होतं आणि पुढे चक्क भीती वाटायला लागते. गावातल्या म्हाताऱ्यांची भांडणं सोडवताना तो हसतो, बदली होऊन आलेल्या तरुण साहेबाला डिवचताना हसतो, मित्रांबरोबर मांस भाजत दारू पिताना हसतो. मग एकटा असताना, अंधारातही हसतो. ते हसू ओठांवर आलं की जबडा किंचित पुढे येतो आणि गळ्याच्या शिरा ताणल्या जातात. जड पोतं पाठीवर घेऊन जिना चढणाऱ्या माणसाच्या गळ्याला जसा ताण येतो, तसा. मी तिथे मालिका थांबवली, तेवढा तुकडा पुन्हा लावला, आणि मला कळलं की हा माणूस आनंदाने हसत नाहीये, काहीतरी उचलून धरून उभा आहे.

काय उचलून धरलंय, हे कळायला आठ भाग लागतात.

मालिकेचं मूळ कोरियन नाव 'ग्वेमुल', म्हणजे राक्षस. 19 फेब्रुवारी ते 10 एप्रिल 2021 या काळात जेटीबीसी वाहिनीवर तिचे सोळा भाग झाले. लेखिका किम सू-जिन, दिग्दर्शिका शिम ना-योन. त्याच वर्षी कोरियातल्या 57 व्या बेकसांग पुरस्कारांमध्ये सर्वोत्कृष्ट मालिका, सर्वोत्कृष्ट पटकथा आणि शिन हा-ग्युनला सर्वोत्कृष्ट अभिनेता असे तीन मानाचे पुरस्कार तिने घेतले. गुन्हेकथा, त्यातही बायकांच्या खुनांची मालिका, आणि लिहिणारी नि दिग्दर्शन करणारी दोन्ही बायका, ही गोष्ट मला बघतानाच जाणवत होती. नावं मी नंतर वाचली. मेलेल्या बाईच्या शरीराकडे कॅमेरा इथे हावरटासारखा बघत नाही. तो बघतो तिच्या मागे राहिलेल्यांच्या घराकडे.

आता गोष्ट. इथून पुढे मी कथेतली गुपितं फोडणार आहे. त्यांच्याशिवाय मला जे म्हणायचंय ते म्हणताच येणार नाही. ज्यांना मालिका कोरी बघायची असेल त्यांनी इथेच थांबावं आणि सोळा भाग संपवून परत यावं.

मान्यांग हे काल्पनिक गाव, मुंजू या काल्पनिक शहराच्या हद्दीतलं. गावाकडेला माणसाच्या डोक्यावरून जाणाऱ्या बोरूचं रान. ऑक्टोबर 2000 मध्ये इथे ली दोंग-शिक नावाच्या वीस वर्षांच्या मुलाची जुळी बहीण यू-योन नाहीशी होते. घराच्या अंगणात सापडतात ती तिच्या दहा बोटांची पेरं, नीट ओळीने मांडलेली. बाकी काहीच नाही. संशय भावावर येतो. पोलीस त्याला धरतात, मारतात, शेवटी सोडतात. गाव मात्र सोडत नाही. हाच मुलगा पुढे पोलीस होतो आणि चाळिशीला टेकलेला असताना मान्यांगच्याच चौकीत नोकरी करतो. त्या चौकीत 2020 मध्ये हान जू-वॉन येतो. वय सत्तावीस, पोलीस खात्याच्या सर्वोच्च पदाकडे निघालेल्या बापाचा एकुलता एक मुलगा, इस्त्रीची घडी न मोडणारा, दुसऱ्याच्या ताटाला हात न लावणारा. तो आलाय दोंग-शिकला पकडायला. हाच खुनी, अशी त्याची खात्री आहे. पण त्याच्या स्वतःच्या पोटातही एक गाठ आहे. खुन्याला जाळ्यात ओढण्यासाठी त्याने कागदपत्रं नसलेल्या एका परदेशी बाईला गळाला लावलं होतं, आणि ती बाई परत आलीच नाही.

पहिल्याच भागात हे दोघे स्मृतिभ्रंश झालेल्या एका म्हाताऱ्याला शोधत बोरूच्या रानात शिरतात आणि त्यांच्या हाताला लागतो हाडांचा सांगाडा. शोधत होते जिवंत माणूस, मिळालं भलतंच कुणीतरी. पुढच्या सगळ्या मालिकेचा स्वभाव त्या एका प्रसंगात आहे.

दोघांच्या बोलण्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. इंग्रजी सबटायटल्समध्ये ते जवळजवळ पुसलं जातं, आणि मराठी कानाला मात्र ते ऐकू येऊ शकतं. कोरियन भाषेत मानाच्या पायऱ्या आहेत. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण आहे, तसं तिकडे क्रियापदाच्या शेपटीत ते सगळं असतं. इथे गंमत अशी, की जू-वॉन वयाने तेरा वर्षांनी लहान पण हुद्द्याने वरचा. तो दोंग-शिकला प्रत्येक वेळी पूर्ण नावाने 'ली दोंग-शिक-शी' म्हणतो. त्यात शिष्टाचार आहे, पण माया नाही. साक्षीदाराच्या पिंजऱ्यातल्या माणसाला हाक मारावी तसं ते वाजतं. दोंग-शिक त्याला हुद्द्यापुढे 'निम' लावून संबोधतो. आपल्या चौकीतला जुना हवालदार पोरगेल्या फौजदाराला 'साहेब' म्हणतो, तेच हे. पण तो 'साहेब' म्हणता म्हणता एकाच वाक्यात अरेतुरेवर घसरतो आणि पुन्हा वर चढतो. कधी त्यात टोमणा असतो, कधी धाक, कधी चक्क काळजी. कोरियन मला येत नाही. पण मालिका दुसऱ्यांदा बघताना मी फक्त वाक्यांच्या शेवटाकडे कान लावून बसले आणि मला दिसलं, की या दोघांमधलं अंतर किती उरलंय ते संवादांच्या अर्थापेक्षा त्या शेपट्या जास्त नेमकं सांगतात. शेवटाकडे जू-वॉनचं तेच 'ली दोंग-शिक-शी' येतं, तेच शब्द, तीच पायरी. पण आवाज खाली गेलेला असतो, आणि ती हाक आता चौकशीची राहिलेली नसते.

जू-वॉन करणाऱ्या यो जिन-गूचं मोठेपण मला इथे वाटतं. दोंग-शिक झालेल्या शिन हा-ग्युनचं काम डोळ्यांत भरणारं आहे. यो जिन-गूला मालिकेचा अर्धा भाग ताठ उभं राहायचंय. मान सरळ, कॉलर सरळ, वाक्य सरळ. हा मुलगा 1997 चा. बालकलाकार म्हणून वाढलेला. 2013 मध्ये, सोळाव्या वर्षी, पाच गुन्हेगार बापांनी वाढवलेल्या पोराची भूमिका करून त्याने नवोदिताचे पुरस्कार घेतले होते. इतक्या लहान वयात इतकं रडून, ओरडून, धावून झालेल्या नटाला काहीही न करता उभं राहणं किती अवघड गेलं असेल! सुरुवातीला तो नुसता लाकडी वाटतो, हे मी मान्य करते. तिसऱ्या-चौथ्या भागापर्यंत मला त्याचा राग येत होता. मग लक्षात आलं, की तो ताठपणा बापाकडून आलेला आहे. बापासमोर बसल्यावर मुलाचे खांदे आणखी एक बोटभर वर जातात. बाप म्हणतो तसंच वाक्य तो चौकीत येऊन म्हणतो. आणि नंतर जेव्हा त्याला कळतं, की वीस वर्षांपूर्वीच्या त्या रात्रीला त्याचं स्वतःचं घर शिवलेलं आहे, तेव्हा आधी ते खांदे पडतात, चेहरा नंतर. आधी शरीराला कळतं, माणसाला मागाहून. हे ठरवून करता येतं की आतून येतं, कोण जाणे. मला मात्र तो उतार पहिल्या भागापासून रचत आणलेला दिसला.

शिन हा-ग्युन 1974 चा. सन 2000 मध्ये 'जॉइंट सिक्युरिटी एरिया' या चित्रपटातला उत्तर कोरियाचा कोवळा शिपाई म्हणून तो पहिल्यांदा सगळ्यांच्या डोळ्यांत भरला. त्यानंतर दोनच वर्षांनी त्याच दिग्दर्शकाच्या, पार्क चान-वूकच्या, पुढच्या चित्रपटात त्याने हिरव्या केसांचा मूकबधिर कामगार केला. संपूर्ण चित्रपटात एकही शब्द न बोलता, बहिणीचा जीव वाचवण्यासाठी हळूहळू गुन्ह्यात बुडत जाणारा भाऊ. दोंग-शिकमध्ये मला तो भाऊ वीस वर्षांनी म्हातारा होऊन आलेला दिसला. तेव्हा वाचा नव्हती, आता वाचा आहे आणि तिचा उपयोग तो फक्त लपवायला करतो.

गाव ही या मालिकेतली तिसरी मोठी भूमिका. मान्यांगमध्ये मांसाचं एक दुकान आहे, जे-ई नावाची तरुण मुलगी ते चालवते. तिची आईही काही वर्षांपूर्वी नाहीशी झालेली. रात्री सगळे तिथेच जमतात: चौकीतले पोलीस, निवृत्तीला आलेले ठाणेदार नाम सांग-बे, दोंग-शिकचा बालमित्र जोंग-जे, तपास अधिकारी जी-ह्वा, आणि कोपऱ्यात, सगळ्यांची चेष्टा सहन करणारा, बोलताना अडखळणारा दुकानदार कांग जिन-मुक. हरवलेल्यांच्या मागे राहिलेली माणसं आणि त्यांना हरवणारा माणूस एकाच शेगडीवर भाजलेलं मांस खातात. पहिले चार भाग संपता संपता कळतं, की खुनी जिन-मुकच आहे. आपल्या स्वतःच्या मुलीलाही, मिन-जोंगला, त्यानेच मारलंय आणि तिच्या नावाने गावभर आक्रोशही करतोय. ली ग्यू-हुए या नटाने हे काम केलंय. अडखळणं गळून पडतं आणि आवाज सपाट होतो, त्या क्षणी मी पाय उचलून खुर्चीवर घेतले होते.

पण तोवर आपल्याला आणखी एक गोष्ट कळलेली असते, आणि तीच पचवायला जड आहे. मिन-जोंगची बोटं जिन-मुकच्या दुकानासमोर मांडून ठेवणारा दोंग-शिक होता. खुन्याने त्याच्या घरात सोडलेला पुरावा त्याने पोलिसांपासून लपवला, उचलला, आणि खुन्याला हलवण्यासाठी, त्याच्याकडून प्रेताचा पत्ता मिळवण्यासाठी वापरला. लहानपणापासून डोळ्यांसमोर वाढलेल्या मुलीची बोटं. त्याला काय मिळवायचंय ते आपल्याला कळतं, तरी तो जे करतो ते माफ करता येत नाही. मालिकाही माफ करत नाही. त्याचा हिशोब शेवटच्या भागापर्यंत जपून ठेवते.

सोळातले चार भाग झाले आणि खुनी सापडला. मग बारा भाग उरले कशाला? माझ्या भावाने हाच प्रश्न विचारला आणि बघणं सोडून दिलं. पण मला वाटतं, खरी मालिका तिथे सुरू होते. जिन-मुक कोठडीत मरतो. मरण्याआधी दोंग-शिकसाठी निरोप ठेवून जातो: यू-योनला मी मारलेलं नाही, मी तिला फक्त तुझ्याकडे परत आणून ठेवलं.

परत आणून ठेवलं. दोंग-शिक त्या शब्दांवर अडतो. आणि मग घरी येतो, तळघरात उतरतो आणि भिंतीवर घाव घालायला लागतो. आठव्या भागाचा शेवट आहे हा. बहीण त्या भिंतीत होती. वीस वर्षं. त्याच घरात, ज्याच्या दारात तिची वाट बघत बसलेला तिचा बाप थंडीने गारठून मेला. ज्या घरात तिची आई भ्रमिष्ट झाली. जे घर दोंग-शिकने विकलं नाही, सोडलं नाही, कारण ती परत आली तर कुठे येणार?

इथे मला माझ्या मामाबद्दल लिहायला हवं.

माझा मामा 1992 च्या मे महिन्यात मिरजेतून गेला. चोवीस वर्षांचा होता. 'कोल्हापूरला जाऊन येतो' म्हणाला, आणि जंक्शनच्या गर्दीत कुणीतरी त्याला पाहिलं, एवढंच. भांडण नव्हतं, कर्ज नव्हतं, मुलीचं प्रकरण नव्हतं. निदान आम्हाला माहीत असलेलं नव्हतं. आजोबा पोलीस ठाण्यात गेले तर तिथले अंमलदार म्हणाले, सज्ञान आहे, गेला असेल कुठे, येईल आठवड्यात. मिसिंगची नोंद व्हायला चार दिवस गेले. मी तेव्हा आठ वर्षांची. त्या सुट्टीत आम्हा पोरांना अंगणात झोपायला बंदी झाली, आणि मोठी माणसं हळू आवाजात बोलायला लागली, एवढंच मला आठवतं.

आजीच्या घरी तेव्हा फोन नवा होता. नंबर लावून कितीतरी वर्षांनी मिळालेला. मामानेच तो नंबर घरातल्या सगळ्यांना पाठ करायला लावला होता. तो गेल्यावर त्या फोनचा अर्थ बदलला. आजी फोनपासून लांब जाईना. लग्नाकार्याला एक रात्र बाहेर राहायची वेळ आली तरी शेजारच्या काकूंना आणून घरात बसवायची. पुढे सगळ्यांच्या नंबरांआधी 2 हा आकडा लागला, तेव्हा तिने आठ दिवस जेवण टाकल्यासारखं केलं. 'त्याला कसं कळणार?' एवढंच म्हणायची. जुन्या नंबरावर फोन केला तर नवा नंबर सांगणारा आवाज येतो, हे आम्ही तिला लावून ऐकवलं, तेव्हा ती जेवली. मोबाइल आले, घरातला तो फोन वाजायचा थांबला, वायर दोनदा तुटली, तरी बिल दर महिन्याला भरलं जायचं. आजी 2013 मध्ये गेली. जाण्याआधी तिने माझ्या आईला जे शेवटचं नीट वाक्य सांगितलं ते होतं, 'नंबर बदलू नका.'

म्हणून दोंग-शिक ते घर का सोडत नाही, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. आणि भिंत फुटल्यावर मी हुंदके देऊन रडले ते त्याच्या बहिणीसाठी तर होतंच. पण आजीला जी गोष्ट कधीच मिळाली नाही ती या माणसाला मिळाली, आणि ती अशी मिळाली, यासाठीही होतं.

शिन हा-ग्युन त्या प्रसंगात हसत नाही. सात भाग तोलून धरलेलं हसू तिथे पहिल्यांदा खाली ठेवलं जातं. आणि पुढच्या आठ भागांत तो वेगळाच माणूस आहे. चेहरा उघडा, आवाज बारीक, चाल मंद. एकाच भूमिकेत दोन नट असल्यासारखं. पहिल्यांदा बघताना मला वाटलं होतं, की आता मालिकेचा वेग पडला. दुसऱ्यांदा कळलं, की वाट बघण्याचं काम संपल्यावर माणसाच्या हातापायांना काय करायचं ते सुचत नाही, ते तो करून दाखवतोय.

कोरियात हा विषय नुसत्या कल्पनेतला नाही. ग्योंगी प्रांतातल्या ह्वासोंग भागात 1986 ते 1991 दरम्यान दहा बायकांचे खून झाले. तपासात लाखो माणूस-दिवस गेले, खुनी सापडला नाही. त्यातल्या एका खुनासाठी मात्र एका तरुणाला शिक्षा झाली आणि त्याने वीस वर्षं तुरुंगात काढली. खरा खुनी 2019 मध्ये डीएनएमुळे कळला, आणि त्या निरपराध माणसाला फेरखटल्यात निर्दोष ठरवलं गेलं ते डिसेंबर 2020 मध्ये. 'बियॉन्ड ईव्हल' त्यानंतर दोनच महिन्यांनी लागली. विशीत संशयाचा शिक्का बसलेला आणि चाळिशीत तो घेऊनच फिरणारा दोंग-शिक बघताना तिथल्या प्रेक्षकाच्या मनात काय उठलं असेल, याचा अंदाज करता येतो. ह्वासोंगच्या खुन्यावर त्या खुनांसाठी खटला चालवता आला नाही, कारण कायद्याची मुदत कधीच संपली होती. तिकडे खुनाला आधी पंधरा वर्षांची मुदत होती, 2007 मध्ये ती पंचवीस झाली आणि जुलै 2015 मध्ये पूर्णच काढून टाकली गेली. तीही देगू शहरात ॲसिड टाकून मारल्या गेलेल्या सहा वर्षांच्या एका मुलाच्या आईबापांनी वर्षानुवर्षं लढा दिल्यावर. त्या मुलाचं नाव कायद्याला मिळालं. त्याच्या स्वतःच्या खुन्याला मात्र तो कायदा लागू झाला नाही, कारण बदल लागू होता 1 ऑगस्ट 2000 पासूनच्या खुनांना. यू-योन नाहीशी होते ऑक्टोबर 2000 मध्ये. दोन-अडीच महिन्यांच्या फरकाने ती कायद्याच्या आत येते. खून ठरला तर. कुणी तिला गाडीने उडवून नुसतेच पळाले असं ठरलं, तर हिशोब वेगळा. मालिकेच्या उत्तरार्धात, त्या रात्री गाडी कुणाची होती, कोण आधी आलं, कोण नंतर, ती तेव्हा जिवंत होती का, हे प्रश्न इतके घासून घासून का विचारले जातात, त्याचं उत्तर मला या तारखांमध्ये मिळालं.

आपल्याकडे सात वर्षं काही खबर नसेल तर माणूस मेला असं कायदा गृहीत धरू शकतो. कोरियात ही मुदत साधारण पाच वर्षांची आहे. आमच्याकडे 1999 मध्ये सात वर्षं झाली, तेव्हा वाटणीच्या कागदांसाठी कुणीतरी कोर्टात जाऊन तसा निवाडा आणायची गोष्ट काढली. आजीने त्या माणसाला चहा दिला, आणि मग शांतपणे सांगितलं, की पुन्हा या घरात यायचं नाही.

उत्तरार्धाबद्दल माझ्या तक्रारी आहेत, त्याही सांगते. बिल्डर ली चांग-जिनचा धागा फार कर्कश होतो. हो सोंग-ते हा एरवी मला आवडणारा नट इथे एकाच पट्टीत वाजत राहतो. मुंजूच्या जमिनींचे भाव वाढावेत म्हणून गावातले गुन्हे गाडून टाकायचे, हे राजकारण खरं आहे, ओळखीचं आहे. पण ते इतक्या गुप्त भेटींमधून आणि फोनवरच्या धमक्यांमधून सांगायची गरज नव्हती. एकाच रात्री एकाच रस्त्यावर किती जणांनी यावं, यालाही मर्यादा आहे. आणि जे-ई! चोई सोंग-उनने मांसाच्या सुरीइतक्या स्वच्छ हाताने उभी केलेली ही मुलगी, आईच्या शोधात देशभर फिरलेली, पुरुषांच्या हिशोबात मागे ढकलली जाते. तिच्या दुकानात सगळे रडून जातात, ती मात्र रडायला कुठे जाते, हे आपण फार थोडं बघतो.

उलट गिल हे-योनने केलेली नगरसेविका दो हे-वॉन आणि तिचा मुलगा जोंग-जे ही जोडी मला शेवटपर्यंत छळत राहिली. मुलाला वाचवण्यासाठी आईने त्याच्या आठवणीच मोडून टाकल्यात. आपण काय केलं आणि काय नाही, हेच न कळणारा चाळिशीचा माणूस चोई दे-हूनने रंगवलाय, आणि त्याचे हात सतत काहीतरी शोधत असतात, टेबलाची कड, पेन्सिल, स्वतःचंच मनगट. खुनी राक्षस एकच असतो. बाकीचे सगळे आपापल्या माणसाला वाचवायला निघालेले. बाप खुर्चीसाठी, आई मुलासाठी, मित्र मित्रासाठी खोटं बोलतो, आणि त्या सगळ्या खोट्यांच्या तळाशी ती मुलगी भिंतीत.

शेवटच्या भागात दोंग-शिक आपले दोन्ही हात जू-वॉनसमोर धरतो. मिन-जोंगच्या बोटांसाठी. तू पकड, तुझ्याच हाताने पकड. ज्या माणसाला अटक करायला जू-वॉन सोळा भागांपूर्वी आला होता, त्याला अटक करायची वेळ येते आणि त्याला ती करवत नाही. यो जिन-गूच्या हातात बेड्या थरथरतात, डोळे भरून वाहतात, आणि शिन हा-ग्युन त्याच्याकडे बघत असतो तो आईवडील परीक्षेला निघालेल्या पोराकडे बघतात तसा. दोघांनाही माहीत असतं, की हे चुकवलं तर आजवर ज्यांच्याशी लढलो त्यांच्यात आणि आपल्यात फरक राहत नाही. चोई बेक-हो या बुजुर्ग गायकाचा खरखरीत आवाज मालिकेभर येऊन जातो, तो इथे हवाच होता. त्यानंतरच्या शांत प्रसंगात गोष्ट पुन्हा हरवलेल्या माणसांकडे येते: सज्ञान माणूस नाहीसा झाला की स्वतःहून गेला असेल म्हणून नोंद होते आणि शोध थांबतो. 'सज्ञान आहे, गेला असेल कुठे.' मिरजेत ऐकलेलं वाक्य कोरियन भाषेत जवळजवळ तसंच.

दुसऱ्यांदा मालिका बघत होते तेव्हा आई पुण्याला माझ्याकडे आली होती. ती आता पासष्ट वर्षांची आहे. तिला इंग्रजी अक्षरं इतक्या वेगाने वाचता येत नाहीत, म्हणून ती सहसा माझ्याबरोबर बसत नाही. त्या रात्री मटार सोलत बाजूला बसली होती. मी तिला मधूनमधून सांगत होते: हा भाऊ, ती बहीण, वीस वर्षं झाली. तळघराचा प्रसंग लागला, तेव्हा मी सांगायचं थांबले. घाव पडत राहिले. आईचे हात शेंगेवर थांबले.

'सापडली का?' तिने विचारलं.

'हो.'

'कुठं?'

'घरातच. भिंतीत.'

ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. तिथे शिन हा-ग्युन जमिनीवर बसला होता, आणि भाग संपल्याची नावं वर सरकायला लागली होती. मी रिमोट उचलला. तिला त्रास झाला असेल, आता बंद करावं, असं वाटलं. उद्या मिरजेचं बिल भरायचंय, असं काहीतरी ती म्हणेल, असंही वाटलं. ते अजून तीच भरते.

तिने मांडीवरची टरफलं गोळा करून ताटलीत टाकली आणि म्हणाली, 'अजून किती आहेत?'

'आठ.'

'मग लाव पुढचा.'